लंबगोल चेंडू आणि गोल पैसा

इ. स. १९९५ च्या ऑक्टोबरची ३१ तारीख. रुमेनियातील कॉन्स्टांत्सा या काळ्या समुद्राकाठच्या बंदरात त्या दिवशी रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूस फारूल हा तेथील स्थानिक संघ, तर दुसऱ्या बाजूस फ्रान्समधील तुलूझ नगरीचा नामांकित संघ. पाहुण्यांनी ५४-१० अशा गुणांनी यजमानांचा धुव्वा उडविला. सामना म्हणून त्यात सांगण्यासारखे एवढेच. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील लढतींवर पोसलेल्या या खेळात निरनिराळ्या देशांचे क्लब एका चषकासाठी वर्षानुवर्षे झुंजू लागले, त्याचा आरंभ या सामन्याने झाला. त्या चषकाला आता तीस वर्षे होऊन गेली. या अवधीत युरोपातील क्लबांनी मोठे वैभव पाहिले. मात्र त्याच अवधीच्या अखेरीस इंग्लंडमधील तीन जुने क्लब नऊ महिन्यांच्या आत बुडाले, आणि वेल्समध्ये चार संघांचे तीन करावयाचे ठरले. खेळ लोकप्रिय असताना क्लब का बुडावेत, हा प्रश्न केवळ रग्बीच्या शौकिनांचा नाही; म्हणून या सदरात त्याचा विचार करावयाचे योजिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. प्रत्येक बाजूस पंधरा गडी, ऐंशी मिनिटांचा सामना आणि लंबगोल चेंडू. चेंडू हातात घेऊन पळता येते, लाथेने उडविताही येतो. हाताने मात्र तो पुढे फेकावयाचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यावयाचा. म्हणजे पुढे जाण्यासाठी चेंडू मागे धाडावयाचा, असा हा उफराटा खेळ. चेंडू ज्याच्या हाती असेल त्याला प्रतिपक्षाने पकडून खाली पाडावयाचे. हुतूतूतील पकडीशी असलेले याचे नाते वाचकांच्या सहज ध्यानात येईल. फरक इतकाच की, येथे शंभर-सव्वाशे किलो वजनाचे गडी पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळतात. प्रतिपक्षाच्या हद्दीतील रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की पाच गुण. त्याला ‘ट्राय’ म्हणतात. त्यानंतर उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की आणखी दोन.

या खेळाचे पैशाशी असलेले नाते आरंभापासूनच वाकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशर आणि लँकशर या परगण्यांत, खाणींतील व गिरण्यांतील मजूर हा खेळ खेळू लागले. त्यांना शनिवारीही कामावर जावे लागे. सामन्यासाठी खाडा केला की तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या सुखवस्तू कारभाऱ्यांना तीही मान्य झाली नाही. पैशाला शिवला तो खेळाडू बाटला, असे त्यांचे मत. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या वीसएक क्लबांनी सभा भरवून वेगळी चूल मांडली. त्या फुटीतून तेरा गड्यांची ‘रग्बी लीग’ जन्मास आली. मूळच्या ‘रग्बी युनियन’ने पुढे शंभर वर्षे हौशीपणाचे सोवळे पाळले, ज्याने पैसे घेतले त्याला कायमचे बाहेर घालवावयाचे, असा दंडक. सोवळे म्हटले की आडपडदा आलाच. फ्रान्समध्ये क्लब आपल्या गड्यांना लपूनछपून पैसे देत, हे सर्वश्रुत होते. याच कारणावरून आणि मैदानावरील दांडगाईवरून १९३१ साली ब्रिटिश बेटांतील राष्ट्रांनी फ्रान्सशी खेळणे सोडले, ते १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले. हौशीपणाच्या या तत्त्वाचे गोडवे आजही गाणारे लोक आहेत. परंतु ज्यांच्या घरी शनिवारच्या मजुरीवाचून चूल अडत नव्हती त्यांनीच ते तत्त्व घालून दिले होते, हे विसरून चालणार नाही.

हे सोवळे सुटले ते दूरचित्रवाणीमुळे. १९९५ साली रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांच्या मंडळांशी दहा वर्षांसाठी ५५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच सुमारास केरी पॅकर यांच्या पाठबळाने जगातील नामांकित खेळाडूंना फोडून वेगळी मालिका काढण्याची खटपट चालू होती. पॅकर हे नाव १९७७ पासून क्रिकेटरसिकांच्या चांगले परिचयाचे आहे. खेळाडू हातचे जाणार असे दिसताच आंतरराष्ट्रीय मंडळाने ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिस येथे खेळ खुला झाल्याचे जाहीर केले. हडर्सफील्डच्या त्या सभेला शंभर वर्षे पूर्ण व्हावयास तेव्हा अवघे दोन-तीन दिवस उरले होते.

पैसे घेण्याची मुभा मिळाली, पण पैसे आणावयाचे कोठून याची तजवीज कोणीच केली नव्हती. युरोपचा चषक सुरू झाला तो या गोंधळात. पहिल्या वर्षी बारा संघ होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे क्लब त्यात उतरलेच नाहीत. अंतिम सामना ७ जानेवारी १९९६ रोजी कार्डिफ येथे झाला आणि तुलूझने कार्डिफचा जादा वेळेत २१-१८ असा पराभव केला. चषकाला हायनेकेन या बियर गाळणाऱ्या कंपनीचे नाव होते. फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातींविरुद्ध कडक कायदा असल्यामुळे तेथे त्याला नुसते ‘एच कप’ म्हणत. नाव गाळले म्हणून बियर कोणाची हे कोणास कळत नसेल असे नाही!

पुढील वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडचे क्लब आले. १९९८-९९ मध्ये इंग्रज क्लबांनी भांडून बहिष्कार घातला, त्या वर्षी अल्स्टरने अंतिम सामन्यात फ्रान्सच्या कोलोमिए संघावर २१-६ असा विजय मिळविला. सामना होता डब्लिनमध्ये. उत्तर आयर्लंडमधील समझोता होऊन वर्षही लोटले नव्हते. अशा वेळी उत्तरेकडचे हजारो लोक आपल्या संघासाठी सीमा ओलांडून दक्षिणेच्या राजधानीत आले. रग्बीत आयर्लंडचे मंडळ पूर्वीपासून संपूर्ण बेटासाठी एकच आहे, याचे महत्त्व त्या दिवशी दिसून आले.

या चषकाची खरी गोडी कशात होती हे समजावयाचे असेल तर आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांताकडे पाहावे. लिमरिक हे त्या प्रांतातील शहर. रग्बी हा अन्यत्र बहुधा महागड्या शाळांतील मुलांचा खेळ. लिमरिकमध्ये मात्र तो गोदी-कामगारापासून डॉक्टरापर्यंत सर्वांचा आहे. तेथील थोमंड पार्क या मैदानावर एक प्रघात आहे. प्रतिपक्षाचा गडी खांबांमधून चेंडू मारण्यास उभा राहिला की त्याला हुर्रेवडी उडवून बिथरविण्याऐवजी सारे प्रेक्षक एकदम गप्प होतात. हजारो माणसांची ती शांतता आरड्याओरड्यापेक्षा अधिक दडपण आणते म्हणतात. १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत युरोपच्या चषकात या मैदानावर मन्स्टरला कोणी हरवू शकले नाही. चषक मात्र हुलकावणी देत राहिला. २००० साली अंतिम सामन्यात नॉर्थॅम्प्टनकडून ९-८ असा एका गुणाने पराभव. २००२ साली लेस्टरकडून १५-९. अखेर २० मे २००६ रोजी कार्डिफच्या मैदानावर बियारिट्झशी गाठ पडली. सामना चालू असताना मैदानावरील मोठ्या पडद्यावर लिमरिकचा ओकॉनेल मार्ग दाखविण्यात आला. कार्डिफला जाऊ न शकलेले हजारो लोक तेथे लाल पोशाखात उभे होते. मैदानावरील गड्यांनी आपले गाव पडद्यावर पाहिले, गावाने आपले गडी पाहिले. मन्स्टर २३-१९ असे जिंकले. त्या संघाचे कर्णधार अँथनी फोली पुढे त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सामन्यासाठी पॅरिसला गेले असता त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४२ वर्षांचे होते.

ही माया विकत आणता येत नाही. तिचे तिकिटांच्या विक्रीत व दूरचित्रवाणीच्या करारात रूपांतर मात्र करता येते, आणि पैसेवाल्यांची नजर नेमकी तिच्यावर गेली.

आयर्लंडने येथे शहाणपणाची वाट धरली. तेथे लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट हे चार प्रांतिक संघ. त्यांच्यामागे राष्ट्रीय मंडळ उभे आहे. प्रमुख खेळाडूंचा करार मंडळाशीच असतो. त्यामुळे कोणी किती सामने खेळावेत, विश्रांती केव्हा घ्यावी, हे मंडळ ठरविते. इंग्लंडमध्ये याच्या उलट झाले. मंडळ चाचपडत असताना धनिकांनी क्लब विकत घेतले. सर जॉन हॉल या उद्योगपतींनी १९९५ मध्येच न्यूकॅसलचा क्लब घेतला, भारी खेळाडू आणले, १९९८ मध्ये तो इंग्लंडचा विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी हॉल बाजूला झाले. हा नमुना पुढे अनेक ठिकाणी दिसला. खेळाडूंचे पगार वाढत गेले. आवक त्या मानाने वाढली नाही. तूट भरून काढावयाची ती मालकाने, हौसेखातर. १९९९ पासून इंग्लंडमध्ये एका संघाने पगारावर किती खर्च करावा याची कमाल मर्यादा आहे; अलीकडे ती सुमारे ६४ लाख पौंडांची आहे. २०१६, २०१७ आणि २०१९ अशी तीन वेळा युरोपचा चषक जिंकणाऱ्या सॅरसन्स या लंडनच्या क्लबाने ती मर्यादा ओलांडल्याचे सिद्ध झाले, तेव्हा ३५ गुणांची कपात, सुमारे ५४ लाख पौंड दंड आणि शेवटी खालच्या श्रेणीत रवानगी अशी शिक्षा झाली. विशेष हे की, इतके होऊनही तो क्लब टिकला. बुडाले ते दुसरेच.

त्यांतील वॉस्प्स या क्लबाची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. काळा आणि पिवळा हा त्यांचा वेष. स्थापना १८६७ ची, लंडनमध्ये. १८७१ साली इंग्लंडचे रग्बी मंडळ स्थापन झाले त्या सभेस यांचा प्रतिनिधी चुकून भलत्याच खानावळीत जाऊन बसला, आणि म्हणून संस्थापकांच्या यादीत क्लबाचे नाव नाही, अशी आख्यायिका आहे. युरोपचा चषक या क्लबाने दोनदा जिंकला, २००४ साली आणि २००७ साली. दुसऱ्या वेळी लंडनच्या ट्विकनम मैदानावर ८१,०७६ प्रेक्षक उपस्थित होते. असे असूनही क्लबास स्वतःचे असे मोठे मैदान नव्हते. सडबरी, मग लोफ्टस रोड, मग हाय विकम असे बिऱ्हाड हलत राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये क्लबाने मोठी उडी घेतली. लंडनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या कॉव्हेंट्री शहरातील बत्तीस हजार आसनांचे क्रीडागृह चालविणारी कंपनीच विकत घेतली आणि क्लब तेथे नेला. त्यासाठी २०१५ साली साडेसहा टक्के व्याजाचे रोखे काढून लोकांकडून साडेतीन कोटी पौंड उभे केले. हिशेब असा होता की, मैदान आपले झाले म्हणजे संगीताचे जलसे, प्रदर्शने, हॉटेल यांतून उत्पन्न येईल आणि त्यावर रग्बी चालेल. ऋण काढून सण करावयाचा, पण सण रोजच चालू ठेवावयाचा, असा हा बेत. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि जलसे, प्रदर्शने, सामने सारेच थांबले. मे २०२२ मध्ये रोख्यांची मुदत भरली तेव्हा पैसे नव्हते. सरकारी कराची बाकी साचली होती. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी क्लबाचा कारभार बंद होऊन खेळाडू, प्रशिक्षक आणि कर्मचारी यांना एकाच दिवशी घरी बसावे लागले.

लंडनमधील जुना चाहता कॉव्हेंट्रीला जावयास तयार नव्हता, आणि कॉव्हेंट्रीकरांचा स्वतःचा जुना रग्बी क्लब होताच. गाव बदलले की गणगोतही बदलते, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत कोठे लिहावयाची? करोनाने क्लब बुडविला असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते करोनाने फक्त तारीख अलीकडे ओढली.

येथे कलकत्त्याची एक जुनी गोष्ट आठवते. १८७३ साली तेथील इंग्रजांनी रग्बीसाठी ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ काढला. बंगालच्या उन्हात हा खेळ फार दिवस रुजला नाही. सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लबात मिळणारे फुकट मद्य बंद झाल्यावर पुष्कळांचा उत्साह मावळला असेही सांगतात. चारपाच वर्षांत क्लब बंद करण्याची वेळ आली, तेव्हा शिलकेतील चांदीचे रुपये बँकेतून काढून ते वितळविण्यात आले. २७० रुपयांचा सुंदर चषक घडविला गेला. त्याला नागाच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या मंडळास भेट देण्यात आला आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड ‘कलकत्ता कप’ म्हणून त्याच्यासाठी खेळत आले आहेत. तो क्लब मिटला, पण कोणाचे देणे मागे ठेवून मिटला नाही. वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब अनुक्रमे १८७१, १८६७ आणि १८९८ सालचे. पहिले दोन ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि तिसरा जून २०२३ मध्ये वरिष्ठ स्पर्धेतून गेला. तिन्ही ठिकाणी मागे राहिली ती देणी आणि थकलेले पगार. तेरा क्लबांची स्पर्धा दहांवर आली. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता जर्सी हाही बंद पडला.

फ्रान्समध्येही धनिक मालक आहेतच. चित्रकथांचे प्रकाशक मुराद बुजेलाल यांनी तूलाँच्या क्लबात इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन, दक्षिण आफ्रिकेचा ब्रायन हबाना, ऑस्ट्रेलियाचा मॅट गिटो असे देशोदेशीचे वीर गोळा केले आणि २०१३, २०१४, २०१५ असा सलग तीन वर्षे चषक नेला. तरी फ्रान्सचा पाया इंग्लंडपेक्षा भक्कम राहिला. याची कारणे साधी आहेत. क्लबांचे जमाखर्च तपासणारी एक समिती तेथे आहे आणि हिशेब जुळला नाही तर संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याचा अधिकार तिला आहे. मैदाने बहुधा नगरपालिकेच्या मालकीची असतात, म्हणून क्लबाला त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. फ्रान्समध्ये तयार झालेले खेळाडू संघात किती असावेत याचाही नियम आहे. आणि सर्वांत मोठे म्हणजे, पहिल्या श्रेणीत चौदा आणि दुसऱ्या श्रेणीत सोळा संघ असून लहान गावांना वर चढण्याची वाट खुली आहे.

ला रोशेल हे अटलांटिक किनाऱ्यावरील बंदर घ्या. वस्ती लाखाच्याही आत. मैदान सोळा हजार प्रेक्षकांचे, आणि ते सामन्यामागून सामना भरलेले असते. त्या मैदानाला मार्सेल देफ्लांद्र यांचे नाव आहे. ते क्लबाचे अध्यक्ष होते. जर्मन अंमलाविरुद्धच्या गुप्त लढ्यात सामील झाल्याबद्दल नाझींनी १९४४ साली त्यांना गोळ्या घातल्या. २०२२ साली या गावाच्या संघाने बलाढ्य लेन्स्टरला मार्सेय येथे २४-२१ असे हरविले. पुढच्या वर्षी गाठ पुन्हा लेन्स्टरशी, आणि तीही त्यांच्या घरी डब्लिनमध्ये. आरंभीच १७-० असे मागे पडूनही ला रोशेलने २७-२६ असा सामना खेचून आणला. प्रशिक्षक रोनन ओगारा हे मन्स्टरच्या २००६ च्या विजयी संघातले. २०२४ साली तुलूझने सहाव्यांदा चषक जिंकला आणि २०२५ साली बोर्दो-बेग्लने नॉर्थॅम्प्टनला २८-२० असे नमवून तो प्रथमच आपल्या गावी नेला. म्हणजे २०२१ ते २०२५ ही पाचही वर्षे चषक फ्रान्समध्येच राहिला. एकाच देशाने असे जिंकत राहणे स्पर्धेला पोषक नाही, हेही खरे.

दरम्यान पैशाने आणखी एक रूप घेतले. सी.व्ही.सी. ही गुंतवणूक कंपनी आपल्या वाचकांस अपरिचित नसावी; २०२१ साली ५,६२५ कोटी रुपये देऊन तिने गुजरात टायटन्स हा क्रिकेट-संघ घेतला होता आणि २०२५ मध्ये त्यातील ६७ टक्के वाटा टोरेंट समूहाला विकला. याच कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या क्लब-स्पर्धेचा २७ टक्के वाटा घेतला आणि २०२१ मध्ये ३६.५ कोटी पौंड मोजून सहा राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेतही सातवा हिस्सा मिळविला. क्लबांच्या हाती एकरकमी पैसा आला खरा. पण त्या बदल्यात पुढील सर्व वर्षांच्या उत्पन्नातील वाटा गेला. शेतातील उभे पीक विकणे वेगळे आणि शेताचा तुकडा विकणे वेगळे.

आता खेळाडूंविषयी. क्लब बुडाला तर पुन्हा उभारता येतो. मेंदूचे तसे नाही. इंग्लंडने २००३ साली जगज्जेतेपद मिळविले त्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की, त्यांना अकाली स्मृतिभ्रंश झाला असून तो विश्वविजयी सामना खेळल्याचेही आपल्याला आठवत नाही. तूलाँच्या विजयी संघातील न्यूझीलंडचे कार्ल हेमन यांनाही चाळिशीच्या आरंभीच हे निदान ऐकावे लागले. डोक्यास वारंवार बसणाऱ्या धक्क्यांपासून आपले रक्षण झाले नाही, असा दावा शेकडो माजी खेळाडूंनी जागतिक मंडळ आणि इंग्लंड-वेल्सची मंडळे यांच्याविरुद्ध लावला आहे. खेळ धंदेवाईक झाल्यावर गडी अधिक वजनदार झाले, सरावाचे दिवस वाढले आणि आदळआपटही वाढली. २०२१ साली जागतिक मंडळाने सरावातील पूर्ण जोराच्या पकडींवर आठवड्यास १५ मिनिटांची मर्यादा सुचविली. २०२४ पासून वरच्या पातळीवरील खेळाडूंच्या दातांवरील संरक्षक पट्टीत धक्क्याचे माप घेणारे यंत्र बसविले जाते. हे योग्यच झाले. मात्र क्लबास तूट भरून काढण्यासाठी अधिक सामने हवे असतात, आणि वैद्य सांगतात ते कमी सामने. हा पेच कोणत्याही यंत्राने सुटणारा नाही.

अधिक सामने, अधिक संघ, हा मोह चषकालाही सुटला नाही. २०१४ साली जुनी संस्था मोडून नव्या संस्थेने स्पर्धा हाती घेतली तेव्हा संघ वीस होते. २०२०-२१ पासून संख्या चोवीस झाली आणि २०२२-२३ पासून दक्षिण आफ्रिकेचे संघ आले. गांधीजी १८९३ साली ज्या डर्बन बंदरात उतरले तेथील शार्क्स हा संघ आता युरोपचा चषक खेळतो! दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू अव्वल दर्जाचे, यात शंका नाही. पण दहा-दहा हजार किलोमीटरचा विमानप्रवास करावयाचा म्हटले की प्रशिक्षक पुष्कळदा दुय्यम संघ धाडतात, आणि चाहत्याने तर पाठोपाठ जावे कसे? पूर्वी चार-चार संघांच्या गटांत प्रत्येकाशी घरी आणि परगावी असे सहा सामने होत. गटात पहिला आला तो पुढे, बाकी बहुतेक घरी. आता प्राथमिक फेरीत चारच सामने, आणि चोवीसांतून सोळा संघ पुढे जातात. हरण्याचे भय उरले नाही तर जिंकण्याची चव कोठून येणार? लिमरिकच्या त्या एका गुणाच्या पराभवाने सहा वर्षे जी आस लावली, ती अशा रचनेत लागली नसती.

वेल्सची अवस्था सर्वांत कष्टदायक आहे. खाणकामगारांच्या दऱ्याखोऱ्यांत तेथे गावोगाव क्लब होते. पैसा पुरत नाही म्हणून २००३ साली ते एकत्र करून पाच विभागीय संघ केले. त्यांतील केल्टिक वॉरियर्स हा एका हंगामातच बंद झाला. चार उरले. एप्रिल २०२५ मध्ये १९९६ चा उपविजेता कार्डिफ दिवाळखोरीत गेला आणि राष्ट्रीय मंडळाने तो ताब्यात घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडळाने चाराचे तीन करण्याचे ठरविले. प्रत्येक वेळी हिशेब बरोबर होता. प्रत्येक वेळी एखाद्या खोऱ्यातील माणसे शनिवारी घरी बसू लागली.

इंग्लंडमध्ये दुसराच विचार बळावतो आहे. खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती काढून टाकावी, संघांची संख्या ठरावीक ठेवावी, म्हणजे गुंतवणूकदार येतील. ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुल या पेय-कंपनीने तोच न्यूकॅसलचा क्लब विकत घेतला आणि क्लबाच्या नावात आपले नाव घातले. त्याहूनही पुढची मजल मारली ती ‘आर ३६०’ या योजनेने. २००३ च्या जगज्जेत्या संघातील माईक टिंडल हे तिचे एक प्रवर्तक. पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ निर्माण करावयाचे, आणि ते सर्कशीप्रमाणे जगातील मोठ्या शहरांतून फिरवावयाचे. गाव नाही, मैदान नाही. संघ आणि कॅमेरे तेवढे. आपल्याकडेही जून २०२५ मध्ये सात-सात गड्यांची रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघांना निरनिराळ्या शहरांची व प्रांतांची नावे होती, सामने मात्र सारे मुंबईत झाले. ज्या देशात हा खेळ अजून रुजावयाचा आहे तेथे आरंभ असाच होणे समजण्यासारखे आहे. जेथे दीडशे वर्षांची मुळे आहेत तेथे ती उपटून कुंडीत लावण्यात कोणते शहाणपण? ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ राष्ट्रांच्या मंडळांनी ‘आर ३६०’ मध्ये जाणाऱ्या खेळाडूस राष्ट्रीय संघाचे दार बंद होईल असे बजावले, आणि पुढच्या महिन्यात ही योजना २०२८ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

तोपर्यंत क्लबांना थोडी उसंत आहे. वूस्टरचा बुडालेला क्लब सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. श्रेणी दुसरी होती आणि संघ नवा. पण मैदान सिक्सवेज हेच होते.